गाणी मुक्तीची, वही मालकाची

रेगे हा शब्द मराठी वाचकाला आडनाव म्हणूनच अधिक परिचयाचा आहे. कॅरिबियन समुद्रातील जमेका बेटावर १९६८ च्या सुमारास ज्या संगीताला हे नाव मिळाले, त्याच्याशी आपली गाठ पडली ती बहुतेकांच्या नकळत. १९७८ साली पश्चिम जर्मनीत तयार झालेले ‘बोनी एम’ या चमूचे ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ हे गाणे पुढील काही वर्षांत कॅसेटवरून आपल्या शहरांतील पुष्कळ घरांत पोचले. वाढदिवसाच्या समारंभात आणि महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात त्यावर पावले थिरकली. हे गाणे कोणाचे, असा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही. कॅसेटच्या वेष्टनावर जे नाव होते, त्याचेच ते असणार, असे आपण धरून चाललो.

वस्तुतः ते गाणे त्यापूर्वी आठ वर्षे, १९७० साली, जमेकाची राजधानी किंग्स्टन येथे जन्मले होते. ब्रेंट डाउ आणि ट्रेव्हर मॅक्नॉटन हे त्याचे कर्ते. ‘मेलोडियन्स’ या तिघांच्या गायकवृंदातील हे दोघे. शब्द त्यांनी बायबलमधील स्तोत्रांतून घेतले होते. बॅबिलॉनच्या बंदिवासात पडलेल्या ज्यू लोकांचा शोक हा १३७ व्या स्तोत्राचा विषय. परंतु किंग्स्टनच्या गल्ल्यांतील श्रोत्याला त्यात ज्यू दिसत नव्हते, तो स्वतःच दिसत होता. त्याचे पूर्वज आफ्रिकेतून साखळदंडात आणले गेले होते. बॅबिलॉन म्हणजे ज्या सत्तेने त्यांना आणले आणि ज्या पोलिसाच्या हातात आजही दंडुका आहे, ती व्यवस्था. हे गाणे सरकारला इतके खटकले की आरंभी नभोवाणीवर त्याला मनाई झाली होती, असे डाउ सांगत असत. जर्मन आवृत्ती जगभर खपली तेव्हा श्रेयनामावलीत या दोघांच्या जोडीला निर्माते फ्रँक फारियन यांचेही नाव येऊन बसले, आणि श्रोत्यांच्या मनातून तर मूळ दोघे केव्हाच पुसले गेले.

गाणे अमर व्हावे आणि गाणारा विसरला जावा, हा प्रकार जमेकात इतक्या वेळा घडला आहे की त्याला अपवाद म्हणता येत नाही. त्या काळातील अभिजात गाण्यांची संकलने आज जगभर ऐकली जातात. ही संकलने ऐकताना केवळ सुरांकडे लक्ष देऊन भागत नाही. त्यांच्या मागे एक हिशेब आहे, आणि तो अजून पुरता चुकता झालेला नाही.

वीस डॉलर

अशा संकलनांमध्ये पहिला मान १९७२ च्या ‘द हार्डर दे कम’ या तबकडीला द्यावा लागेल. पेरी हेन्झेल यांच्या त्याच नावाच्या चित्रपटासाठी ती निघाली. परंतु बहुतेक चित्रपटसंगीताप्रमाणे ती सगळी मुद्दाम रचलेली नव्हती. १९६७ पासून जमेकात गाजलेली निरनिराळ्या कलावंतांची गाणी तीत एकत्र केली होती. बारा जागा, त्यांत दोन गाणी दोनदा, म्हणजे एकूण दहाच गाणी. जिमी क्लिफ, मेटल्स, मेलोडियन्स, डेस्मंड डेकर, स्लिकर्स, स्कॉटी असे गायक. जमेकाबाहेरच्या असंख्य श्रोत्यांना रेगे म्हणजे काय, हे या एका तबकडीने सांगितले. २०२१ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करण्यायोग्य ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचा समावेश केला.

या तबकडीचे महत्त्व सांगताना चित्रपटाची कथा विसरली जाते. आयव्हन हा खेड्यातला तरुण गायक होण्यासाठी किंग्स्टनला येतो. नाना खटपटी करून त्याचे एक गाणे ध्वनिमुद्रित होते. निर्माता त्याच्यापुढे वीस डॉलर ठेवतो. आयव्हन बाणेदारपणे नकार देतो, स्वतःच तबकडी विकण्याचा प्रयत्न करतो, आणि त्याला कळून चुकते की दुकाने, नभोवाणी आणि नृत्याचे अड्डे हे सगळे त्या एका निर्मात्याच्या मुठीत आहेत. तो परत येतो आणि वीस डॉलरवर सही करतो. पुढे त्याची गाठ गुन्हेगारीशी पडते. तो पोलिसांच्या गोळीला बळी पडतो आणि त्याचे गाणे मात्र गावभर वाजत राहते.

आयव्हनची भूमिका जिमी क्लिफ यांनीच केली होती. १९४४ साली जन्मलेला, जेम्स चेंबर्स या मूळ नावाचा हा मुलगाही खेड्यातूनच किंग्स्टनला आला होता. लेस्ली काँग या चिनी वंशाच्या व्यापाऱ्याच्या ‘बेव्हर्लीज’ नावाच्या दुकानात शिरून, त्या नावावरच गाणे रचून त्याने काँग यांना तबकड्यांच्या धंद्यात ओढले, अशी हकीकत सांगितली जाते. २०२५ च्या नोव्हेंबरात क्लिफ निवर्तले. त्यांना देशाचा उच्च सन्मान मिळाला, जगभर कीर्ती मिळाली. तथापि क्लिफ हे अपवाद होते. त्यांच्याभोवती जे शेकडो आयव्हन होते, त्यांच्या वाट्याला वीस डॉलरच आले.

नाव खरवडण्याची रीत

हे असे का झाले, हे समजण्यासाठी त्या धंद्याची घडण पाहिली पाहिजे. जमेका हे सुमारे ११ हजार चौरस किलोमीटरचे बेट, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहून किंचित मोठे. १९५० च्या दशकात तेथील गरिबाला ना घरी ग्रामोफोन परवडे, ना वाद्यवृंदाच्या नृत्याचे तिकीट. त्याची हौस भागे ती ‘साउंड सिस्टिम’वर. मोकळ्या आवारात कपाटाएवढे ध्वनिक्षेपक रचायचे, अमेरिकेतून आणलेल्या तबकड्या वाजवायच्या आणि प्रवेशशुल्कावर व पेयांच्या विक्रीवर पैसा करायचा, असा हा उद्योग. क्लेमंट डॉड ऊर्फ कॉक्सन आणि माजी पोलीस ड्यूक रीड हे त्यातील दोन बडे प्रतिस्पर्धी. आपल्याजवळची खास तबकडी कोणाची आहे, हे प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून तिच्यावरील गायकाचे नाव आणि गाण्याचे शीर्षक खरवडून काढण्याची तेथे रीत होती.

ही गोष्ट लहान वाटेल. परंतु पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली तीत आहे. या धंद्यात भांडवल होते ते गाण्याचे नव्हे, तर ते गाणे फक्त आपल्यापाशी असण्याचे. नाव लपवणे हे त्या धंद्याचे पहिले सूत्र होते. अमेरिकेतील लोकांची आवड बदलली आणि हव्या तशा तबकड्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा याच मालकांनी स्थानिक गायकवादकांकडून गाणी करून घ्यायला आरंभ केला. आधी स्का, १९६६ च्या सुमारास त्याची लय संथ होऊन रॉकस्टेडी, आणि दोन वर्षांनी रेगे. गाणी बदलली, सूत्र बदलले नाही. गायकाला एकरकमी मोबदला द्यायचा आणि गाणे कायमचे आपले करायचे. करारपत्र असलेच तर ते वाचण्याइतके शिक्षण किंवा वाचून नाकारण्याइतकी ऐपत गायकाजवळ नसे. वादकांना गाण्यामागे ठरलेले पैसे मिळत. बेसचा एखादा तुकडा पुढे शेकडो गाण्यांचा पाया ठरला, तरी तो रचणाऱ्याच्या पदरात दुसऱ्यांदा काही पडत नसे.

कायदा काय करीत होता? १९६२ च्या ६ ऑगस्टला जमेका स्वतंत्र झाला. परंतु स्वामित्वहक्काचा कायदा इंग्रजी अमदानीतला, १९११ सालचा, तसाच चालू राहिला. जमेकाने स्वतःचा नवा कायदा केला तो १९९३ साली. आंतरराष्ट्रीय बर्न कराराचा तो देश सदस्य झाला १९९४ च्या आरंभी. म्हणजे ज्या काळात या बेटाने जगाला आपले सर्वोत्तम संगीत दिले, तो काळ गायकाच्या दृष्टीने जवळजवळ निर्नायकीचाच होता. हे घडले ते केवळ दोन-चार मालकांच्या लोभामुळे नव्हे. ज्या देशाला आपल्या साखरेचे आणि बॉक्साइटचे मोल ठाऊक होते, त्याला आपल्या गाण्याचे मोल ठाऊक नव्हते.

मालकांना केवळ खलपुरुष ठरवणे मात्र सोपे आणि अन्यायाचे होईल. डॉड यांनी १९६३ मध्ये ब्रेंटफर्ड रस्त्यावर ‘स्टुडिओ वन’ उभा केला नसता, तर या गाण्यांपैकी कित्येक निर्माणच झाली नसती. ज्या पोराला कोणी दारात उभे करीत नव्हते, त्याला त्यांनी ध्वनिग्राहकापुढे उभे केले. जॅकी मिट्टू, लेरॉय सिबल्स यांच्यासारख्या गुणी माणसांना तेथे रोज काम मिळाले. अनाथ आणि गरीब मुलांसाठी जोगिणींनी चालवलेल्या आल्फा शाळेत वाद्ये शिकून बाहेर पडलेल्या डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक यांच्यासारख्या कलावंतांना पोटापाण्याचे साधन मिळाले ते याच धंद्यात. २००४ साली त्या रस्त्याला ‘स्टुडिओ वन’चे नाव देण्यात आले आणि त्यानंतर काही दिवसांतच डॉड वारले. एका माणसाने संगीताची परंपरा उभी करावी आणि त्याच माणसाच्या वहीत गायकाचे देणे नीट मांडले जाऊ नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. इतिहासाला बहुधा अशाच माणसांशी व्यवहार करावा लागतो.

मुळांचा शोध

या पार्श्वभूमीवर १९७० च्या दशकातील ‘रूट्स रेगे’, म्हणजे मुळांशी नाते सांगणारे रेगे, ऐकले म्हणजे त्यातील विसंगती अधिकच बोचते. कारण या गाण्यांचा विषयच मुळी लूट, दास्य आणि न्याय हा आहे.

त्या विचाराचा उगम रास्ताफारी पंथात आहे. जमेकाच्या सेंट ॲन परगण्यात १८८७ साली जन्मलेल्या मार्कस गार्वी यांनी जगभरच्या कृष्णवर्णीयांना आफ्रिकेचा अभिमान धरायला शिकवले. १९३० च्या नोव्हेंबरात इथिओपियात रास ताफारी हे हैले सेलासी या नावाने सम्राटपदी बसले, तेव्हा गार्वींची शिकवण ऐकलेल्या काही गरीब जमेकी लोकांना त्यात दैवी संकेत दिसला. लेनर्ड हॉवेल हे या पंथाच्या आद्य प्रचारकांपैकी एक. त्यांनी आपली पुस्तिका ‘मराघ’ या नावाने प्रसिद्ध केली. हा शब्द ‘महाराज’ या आपल्याकडील शब्दाचेच जमेकी रूप आहे. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६ हजार भारतीय मजूर करारावर तेथील मळ्यांत नेले गेले होते. त्यांत उत्तर प्रदेश आणि बिहारकडचे लोक अधिक होते. रास्ताफारी उपासनेतील गांजा हा शब्दही त्यांच्याच गाठोड्यातून तेथे गेला.

सरकारने या पंथाला सहजी जगू दिले नाही. हॉवेल यांची वसाहत १९५४ साली पोलिसांनी उद्ध्वस्त केली. १९६३ च्या एप्रिलमध्ये, देश स्वतंत्र झाल्यावर आठ महिन्यांनी, कोरल गार्डन्स येथील एका हाणामारीचे निमित्त करून रास्ताफारी लोकांची सरसकट धरपकड झाली. त्यांना मारहाण झाली, त्यांच्या जटा कापल्या गेल्या. या अत्याचाराबद्दल जमेकाच्या पंतप्रधानांनी माफी मागितली ती २०१७ साली, म्हणजे चोपन्न वर्षांनी. मधल्या काळात या घटनेची आठवण जिवंत ठेवण्याचे काम पंथाच्या जुन्या माणसांनी केले, आणि त्या पंथाचा आवाज देशभर नेला तो गाण्यांनी.

या संगीताच्या ठेक्यातच एक प्रकारचा नकार आहे. आपल्या संगीतात समेला जे महत्त्व आहे ते सर्वांना ठाऊक आहे. सारा पसारा समेवर येऊन विसावतो. रूट्स रेगेच्या प्रमुख ठेक्यात चार मात्रांपैकी पहिली मात्राच मोकळी सोडलेली असते आणि ढोलाचा ठोका तिसऱ्या मात्रेवर पडतो. गिटार मुख्य मात्रांच्या मधल्या जागा तोडून वाजते. गाण्याचा भार बेसच्या खोल स्वरांवर असतो. जेथे पाऊल पडेल असे वाटते तेथे जमीन नाही, आणि तरीही चाल अडखळत नाही, असा काहीसा अनुभव ऐकणाऱ्याला येतो.

या ठेक्यावर काय गायले गेले? विन्स्टन रॉडनी ऊर्फ ‘बर्निंग स्पिअर’ हे गार्वींच्याच सेंट ॲन परगण्यातले. जमेकाने ज्याला आपल्या हयातीत नीट ओळखले नाही, त्या गार्वींची आठवण त्यांनी १९७५ च्या ‘मार्कस गार्वी’ या तबकडीत अशी जागवली की पाठ्यपुस्तकांना जे साधले नाही ते एका गायकाने केले. जोसेफ हिल यांच्या ‘कल्चर’ या वृंदाने १९७७ साली, दोन सातांची टक्कर होईल तेव्हा उलथापालथ होईल, या गार्वींच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या भाकितावर गाणे केले. त्या वर्षी सात जुलैला किंग्स्टनमध्ये पुष्कळ लोक भीतीने घराबाहेर पडले नाहीत, असे सांगतात. ज्युनिअर मर्विन यांच्या १९७६ च्या गाण्यात पोलीस आणि चोर या दोघांच्या कात्रीत सापडलेल्या वस्तीचे चित्र आहे. तो काळच तसा होता. दोन राजकीय पक्षांच्या टोळ्या रस्त्यावर उतरल्या होत्या. १९७६ मध्ये देशात आणीबाणी पुकारली गेली, डिसेंबरात बॉब मार्ले यांच्यावर त्यांच्या घरातच गोळ्या झाडल्या गेल्या, आणि १९८० च्या निवडणुकीच्या वर्षात शेकडो माणसे प्राणास मुकली. राज्यकर्त्यांनीही गाण्याचा उपयोग करून घेण्यात कसूर केली नाही. १९७२ ची निवडणूक मायकेल मॅन्ली यांच्या पक्षाने जिंकली ती डेलरॉय विल्सन यांच्या एका गाण्याचे शीर्षक घोषणा म्हणून फिरवीत. त्यांचे प्रतिस्पर्धी आणि पुढे पंतप्रधान झालेले एडवर्ड सिआगा यांनी तर तरुणपणी जमेकी लोकसंगीताचे संकलन केले होते आणि ते तबकड्यांच्या धंद्यातही होते. गाण्यात ताकद आहे हे सर्वांना कळत होते. गाणाऱ्याचे काय, हा प्रश्न तेवढा कोणाच्या जाहीरनाम्यात नव्हता.

नव्वद पौंडांची मुक्तता

या सगळ्याचे सार एका गाण्याच्या कथेत आले आहे. ‘अबिसिनियन्स’ या तिघांच्या वृंदाने १९६९ साली स्टुडिओ वनमध्ये ‘सत्ता मासागाना’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्यातील डॉनल्ड मॅनिंग यांनी इथिओपियाच्या अम्हारी भाषेचा अभ्यास केला होता. गाण्याचे नाव त्याच भाषेतले, आभार आणि स्तुती यांचा भाव सांगणारे. दूर देशीच्या सुखाचे स्वप्न सांगणारे हे संथ, प्रार्थनेसारखे गाणे डॉड यांना विक्रीच्या दृष्टीने कुचकामी वाटले. त्यांनी ते तसेच ठेवून दिले. दोन वर्षांनी या तिघांनी, सांगितले जाते त्याप्रमाणे ९० पौंड मोजून, आपलेच गाणे मालकाकडून विकत घेतले आणि ‘क्लिंच’ या स्वतःच्या छापाखाली १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. गाणे गाजले. इतके की रास्ताफारी मेळाव्यांत ते भक्तिगीतासारखे म्हटले जाऊ लागले. त्याच्या चालीवर आणि ठेक्यावर पुढे कित्येक गाणी बेतली गेली. आणि ते गाजल्यावर डॉड यांनीही आपल्याजवळची आवृत्ती बाजारात आणली!

मळ्यावरचा गुलाम पै पै साठवून मालकाकडून स्वतःची सुटका विकत घेई, अशी उदाहरणे कॅरिबियन बेटांच्या इतिहासात आहेत. मुक्तीचे गाणे गाणाऱ्यांना आपले गाणेही तसेच सोडवून आणावे लागले. रूट्स रेगेची संकलने करणाऱ्या कोणालाही हे गाणे टाळता येत नाही. ते ऐकताना त्यामागची ही खरेदीही ऐकली गेली पाहिजे.

संकलनाची जबाबदारी

येथे संकलन करणाऱ्याचा प्रश्न येतो. जमेकातील गाणी निघत ती एकेका गाण्याच्या लहान तबकड्यांवर. प्रती मोजक्या, प्लॅस्टिक हलके, वापर नृत्याच्या अड्ड्यावर. वाजून वाजून तबकडी झिजे आणि तिच्याबरोबर गाणेही जाई. ही गाणी वाचली त्यातील मोठा वाटा संकलकांचा आहे, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. १९९३ साली स्टीव्ह बॅरो यांनी चार तबकड्यांचे ‘टफर दॅन टफ’ हे संकलन केले. १९५८ पासूनची ९५ गाणी त्यात क्रमाने लावली होती. सोबत गायक, निर्माते, वर्षे यांची माहिती देणारी पुस्तिका होती. ज्या धंद्याचा प्रारंभ नाव खरवडण्यापासून झाला, त्यातच कोणी बसून एकेक नाव पुन्हा लिहीत होते.

या संकलनाच्या आरंभीच फोक्स बंधूंचे १९६० चे ‘ओ कॅरोलिना’ हे गाणे आहे. काउंट ओसी यांचे रास्ताफारी ढोल त्यात प्रथमच लोकप्रिय गाण्याच्या साथीला आले. शेवटी येते ते शॅगी या गायकाने केलेले त्याच गाण्याचे नवे रूप. हे नवे रूप १९९३ मध्ये इंग्लंडात अव्वल क्रमांकावर पोचले आणि मग गाण्याचा कर्ता कोण, यावर लंडनच्या न्यायालयात तंटा उभा राहिला. मूळ ध्वनिमुद्रणाचे निर्माते प्रिन्स बस्टर यांनी कर्तृत्वावर दावा सांगितला. न्यायालयाने १९९४ साली कौल दिला तो जॉन फोक्स यांच्या बाजूने. चौतीस वर्षांनी एका माणसाला कायद्याने सांगितले की तुझे गाणे तुझेच आहे. परंतु असा निकाल मिळवण्यासाठी आधी कोणीतरी परक्या देशात ते गाणे गाजवावे लागले, हेही विसरता येत नाही.

कायद्याचे दार सर्वांना उघडते असेही नाही. बॉब मार्ले यांच्या गाण्यांना ज्यांच्या बेसने आकार दिला, त्या ॲस्टन बॅरेट यांनी आपला वाटा मागण्यासाठी लंडनमध्ये दावा लावला. २००६ साली तो फेटाळला गेला. चाल आणि शब्द यांना कायदा ओळखतो. ठेक्याला आणि बेसच्या फिरतीला, ज्यावर हे सारे संगीत उभे आहे, तो क्वचितच ओळखतो. पाश्चात्त्य स्वरलिपीत जे लिहिता येते तेच कर्तृत्व, असा त्यामागचा समज आहे. जे संगीत मुळात लिहिलेच जात नाही, त्याचे कर्ते या मापाने नेहमीच अल्पसंख्य ठरणार.

संकलकांच्याही चुका आहेत. त्यांच्या निवडीने काही गाणी ‘अभिजात’ ठरतात आणि बाकीची अंधारात राहतात. या याद्यांत स्त्रियांचे आवाज किती थोडे असतात, हे पाहण्यासारखे आहे. मार्शिया ग्रिफिथ्स आणि ज्युडी मोवॅट यांची ओळख अनेकांना मार्ले यांच्या साथीला गाणाऱ्या म्हणूनच असते. मोवॅट यांनी १९७९ साली ‘ब्लॅक वूमन’ ही स्वतःची तबकडी काढली, हे थोड्यांना ठाऊक. सोनिया पॉटिंजर या बाईंनी पुरुषांनी व्यापलेल्या धंद्यात निर्माती म्हणून पाय रोवले, ‘कल्चर’सारख्या वृंदाच्या तबकड्या काढल्या. त्यांचे नाव निर्मात्यांच्या यादीत फार उशिरा घेतले जाते. शिवाय ज्या अनेक संकलनांच्या वेष्टनावर तीच ती गाणी, न वर्ष, न निर्माता, न मूळ छाप अशी छापलेली असतात, ती स्वस्त असली तरी त्या स्वस्ताईची किंमत कोणी दुसऱ्याने मोजलेली असते.

याउलट काय करता येते, याचेही उदाहरण बॅरो यांच्याच कामात आहे. ‘काँगोज’ या वृंदाची ली पेरी यांनी घडवलेली १९७७ ची तबकडी ‘हार्ट ऑफ द काँगोज’ त्या काळी बड्या कंपनीने नाकारली आणि ती जवळजवळ दुर्मिळ झाली. मँचेस्टरच्या ‘ब्लड अँड फायर’ या लहान संस्थेने, जिच्या संस्थापकांत बॅरो होते, १९९६ मध्ये ती मूळ नोंदींसह पुन्हा काढली. कलावंतांशी रीतसर करार करण्याबद्दल या संस्थेचा लौकिक होता. आज या तबकडीची गणना रूट्स रेगेच्या शिखरांत होते. संस्था पुढे फार वर्षे टिकली नाही. पण जुने गाणे पुन्हा विकताना आधी गाणाऱ्याचा पत्ता शोधावा, ही साधी सचोटी धंद्यातही शक्य आहे, हे तिने दाखवून दिले.

२०१८ साली ‘युनेस्को’ने रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. त्यापूर्वी २०१५ मध्ये जमेकाने स्वामित्वहक्काची मुदत पन्नासवरून ९५ वर्षांपर्यंत वाढवली. गौरव झाला, कायदा झाला. परंतु टूट्स हिबर्ट, बनी वेलर, ली पेरी हे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत गेले. ज्यांनी ही गाणी केली, ती पिढी झपाट्याने ओसरते आहे. ज्या हक्काची सहीच वीस डॉलरवर झाली होती, त्याची मुदत वाढल्याने लाभ होतो तो वही ज्याच्या हाती आहे त्याचा. मुदतीइतकाच मूळ करारांचा फेरविचारही आवश्यक आहे, आणि तो अजून व्हायचा आहे.

आणि आपण श्रोते? आपल्या हाती आज तबकडी नाही, कॅसेट नाही, वेष्टन नाही. फोनवर एका बोटाने सारे जमेकी संगीत वाजू लागते. गाण्यांच्या याद्या यंत्रे लावतात. पुस्तिका नाही, वादकांची नावे नाहीत, कित्येकदा वर्षही नव्या आवृत्तीचेच दिलेले असते. १९५० च्या दशकात मालक सुरीने जे काम करीत होता, ते आता आपल्या अनास्थेने आपोआप होते आहे. नाव पुन्हा एकदा खरवडले जात आहे, आणि या वेळी त्याचा ओरखडाही दिसत नाही.

गाणे ऐकून झाल्यावर ते कोणी केले, एवढे विचारणे हे काही फार मोठे ऋण फेडणे नव्हे. परंतु हिशेब चुकता करण्याची पहिली पायरी देणेकऱ्याने देणे मान्य करणे हीच असते. आपल्या स्नेहसंमेलनात वाजलेल्या त्या गाण्याचे कर्ते ब्रेंट डाउ २००६ साली वारले, ट्रेव्हर मॅक्नॉटन २०१८ साली. दोघांचे नाव आपण त्या वेळी घेतले नाही. आता तरी घ्यावयास हरकत नाही.